नांदवायचा खर्च

हुबळी-धारवाडच्या मध्ये रायापूरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही, एकटी बाई कशी राहणार हेही विचारलं नाही. त्याआधी हुबळीत जी जी घरं बघितली तिथे याच प्रश्नांवर माझी बोळवण झाली होती. घरमालक, म्हणजे अण्णा, ओसरीवर उकिडवे बसले होते आणि फरशीवर खडूने काहीतरी लिहीत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "रॉकेल किती जळतंय तुमचं? वाचत बसता काय रात्री?"

मग न्हायला पाणी किती लागतं, भेटायला माणसं किती येतात, आलेली माणसं चहा घेतल्याशिवाय उठतात का, मला सर्दी किती वेळा होते, असं सगळं विचारून झालं. मी नुकतीच डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन आलेली, हुबळीच्या देशपांडे नगरातल्या एका लहानशा सूतिकागृहात लागलेली, अंगात मस्ती भरपूर. मी म्हटलं, भाडेकरू ठेवताय की म्हैस? अण्णा जराही रागावले नाहीत. फरशीवरच्या आकड्यांकडे बघून म्हणाले, "तुम्हाला ठेवायला फार खर्च नाही ओ. राहा." आयुष्यात पुढे चार लोकांनी माझी स्तुती केली, पण इतकी मोजूनमापून कुणी केली नाही.

अण्णांचे सगळे हिशेब त्या शहाबादी फरशीवर होत आणि रोज सकाळी काकू ओल्या फडक्याने ते पुसून टाकत. काकू म्हणजे त्यांची बायको. फडकं मारताना एकदा नजर टाकायची, नाक मुरडायचं आणि पुसायचं, असा त्यांचा नेम होता. कागदावर का लिहीत नाही असं मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले की आजचा भाव उद्या नसतो, मग कालचा आकडा जपून काय करायचा? काकूंचं म्हणणं वेगळं होतं. कागद विकत आणावा लागतो, फडकं घरातच आहे, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान, असं त्या सांगत.

अण्णा वकील होते. म्हणजे सनद होती, काळा कोट होता, धारवाडच्या कोर्टात एके काळी टेबलही होतं. पण त्यांची वकिली बुडाली ती त्यांच्या याच खोडीने. शेताच्या बांधावरून दावा लावायला कुणी आलं की ते कागदपत्र बघण्याआधी विचारत, "एष्ट तिंतद?" म्हणजे, किती खातो हा दावा? मग त्याचं खाणं ते स्वतःच मांडून दाखवत. तारखेला यायचं-जायचं भाडं, साक्षीदारांचं जेवण, त्या दिवशी बुडालेली पेरणी, भावाशी बोलणं तुटलं म्हणून लग्नात वेगळा मांडव, म्हातारीला दोन घरांत वाटून जेवायला घालायचं. सगळं ऐकून पक्षकार गार पडायचा आणि भावाशी समेट करायला घरी जायचा. अशाने वकील कसा जगणार? बाकीचे वकील त्यांना बघितलं की रस्ता ओलांडत. थोडी शेती होती, त्यात माझं भाडं, यावर दोघांचं भागत होतं. मूलबाळ नव्हतं.

"एष्ट तिंतद" हा प्रश्न ते कशालाही विचारत. हार्मोनियमला, पाहुण्याला, नवसाला. वस्तू घेताना लोक किंमत विचारतात, तिला नांदवायला काय लागेल ते विचारत नाहीत, हे त्यांचं जगावरचं मुख्य गाऱ्हाणं होतं. सून आणताना हुंडा मोजतात तसं, असंही ते म्हणत, आणि असं म्हणाले की काकू आतून भांडं आपटत.

पण अण्णांचा खरा जीव होता तो मोटारींवर, आणि त्यातही शर्यतीच्या मोटारींवर. हुबळी-धारवाड रस्ता आमच्या ओसरीपुढून जायचा. दोन्ही गावांतल्या कुणीही मोटार घेतली की ती आज ना उद्या आमच्या दारावरून जाणारच. दाढी करता करता अण्णा कान टवकारत. "तेल पितेय," म्हणत. किंवा, "हिचा व्हॉल्व्ह गेला, महिनाअखेर मालक येईल बघा." आणि मालक खरंच खर्च विचारायला यायचा. त्या काळी आमच्या भागात तीन पोरांनी दोन माणसं बसतील एवढ्या, लांब नाकाच्या, बिनछपराच्या मोटारी घेतल्या होत्या. हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या एका कापडवाल्याच्या धाकट्या मुलाची लोण्याच्या रंगाची, एका इनामदाराची लाल, आणि अळणावरच्या एका लाकडाच्या ठेकेदाराची निळी. मोटार कुणाची जोरात पळते यावर ते तिघे भांडले असते तर समजण्यासारखं होतं. ते भांडत कुणाची मोटार नांदवायला स्वस्त यावर. कारण तिघांचेही वडील जिवंत होते.

रविवारी सकाळी तिघेही ओसरीवर जमत आणि अण्णा खडू घेत. पेट्रोल, तेल, टायर हे कुणीही मांडेल. अण्णा तिथून पुढे सुरू होत. बघायला जमणाऱ्या माणसांना चहा किती जातो? उन्हाने घडीच्या टपाचं कापड विरलं, ते धारवाडचा शिंपी शिवेल का मुंबईहून आणावं लागेल? एका मोटारीमुळे मेहुणे किती वाढले? कापडवाल्याच्या बायकोने मुलगा मोटार चालवायला लागल्यापासून शनिवार धरले होते. अण्णांनी ते शनिवार मोटारीच्या खर्चात धरले. मुलगा म्हणाला, उपासाला कसला खर्च, उलट जेवण वाचतं. अण्णा म्हणाले, "साबुदाणा, शेंगदाणे, देवाला तेल, आणि संध्याकाळी तुझ्या वडिलांनी ऐकून घेतलेलं बोलणं. हे कुठल्या खात्यात घालू? तूच सांग की."

इनामदाराच्या लाल मोटारीचं प्रकरण आणखी वेगळं होतं. मोटार आली तशी घोडे विकले, पण घोड्यांचा म्हातारा मोतद्दार कुठे जाणार म्हणून त्यालाच मोटारीवर ठेवलं. मोटार धावून आली, पाणी उकळून नळीतून वाफ यायला लागली, की इनामदार ओरडायचे पाणी घाल म्हणून. म्हातारा हलायचा नाही. धावून आलेल्या जनावराला लगेच पाणी पाजलं तर पोटशूळ उठतो, हे तो बापाच्या बापापासून ऐकत आलेला. तो चार गडी बोलवायचा, मोटार ढकलत अंगणात फेऱ्या घालायचा, अंगावर गोणपाट टाकायचा, बॉनेटला कान लावून श्वास बघायचा आणि मग पाणी. तिकडे कापडवाल्याच्या मुलाने एकदा तापल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतलं आणि लोखंडाला चीर पाडून घेतली. लाल मोटारीच्या इंजिनाला कधी काही झालं नाही. मात्र त्या चार गड्यांचा गूळ-चहा अण्णांनी सोडला नाही, आणि त्या चहापायी लाल मोटार बाकीच्या दोघींपेक्षा महाग ठरली. इनामदार पुढच्या रविवारी आलेच नाहीत.

एवढं सगळं जाणणारा हा माणूस स्वतः कधी मोटारीत बसला नव्हता. तिघेही आग्रह करत. अण्णा हात जोडत. पक्षकाराच्या घरी न्यायाधीश जेवतो काय, असं विचारत. एकदा बसलो, वारा लागला, की माझा आकडा तुमच्या बाजूला झुकणार, म्हणत. धारवाडला जायचं तर ते डोक्याला ओला पंचा गुंडाळून चालत जात. एखादी मोटार शेजारी येऊन थांबली तर तिच्या मालकाशी चालता चालताच बोलत, आणि मोटार बिचारी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्याबरोबर रांगत येई. आणि सगळा हिशेब झाला की निकाल ठरलेला असे. "ठेवू नये." कुठलीही मोटार असो, हार्मोनियम असो, दावा असो, मला 'राहा' म्हणाले ते सोडलं तर अण्णांच्या मुखातून आजवर दुसरा निकाल बाहेर पडलेला नव्हता.

मला या सगळ्याची गंमत वाटायची आणि कंटाळाही यायचा. खरं सांगायचं तर मी दमलेली असायची. दिवसभर सूतिकागृह, आणि धारवाडच्या पलीकडून, अळणावरच्या वाटेवरच्या गावांतून येणारी बोलावणी. तिकडे शेतकरी, लाकूडतोडे, मजूर. बाई अडली की सुईण दोन दिवस झटायची आणि मग माणूस पाठवायचा. तो माणूस मिळेल त्या वाहनाने रायापूरला यायचा, मी टांगा बघायची, पुढे बस बघायची, आणि पोचेपर्यंत बहुतेक वेळा तिथे माझं काम उरलेलं नसायचं. तेव्हा लोकांनी दुसरी रीत काढली. डॉक्टरीणबाई येत नाही, तर बाईलाच छकड्यात घालून हुबळीकडे निघायचं.

असाच एक छकडा एका दुपारी आमच्या दारात थांबला. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. आतली बाई विशीचीही नसेल. तिच्या नवऱ्याला कुणीतरी सांगितलं होतं की बाई इथेच राहते. मी तेव्हा घरात होते, हात धुतले, ओसरीवरच चटई टाकायला काकूंना सांगितलं आणि छकड्यात चढले. करण्यासारखं काही नव्हतं. वाटेतच कुठेतरी ती गेली होती आणि नवऱ्याला ते कळलं नव्हतं. तो मला सांगत होता की आत्ता बोलली, धारवाडपाशी पाणी मागितलं. मी खाली उतरले आणि त्याला सांगितलं. तो बैलांना वळवायला लागला. काकूंनी त्याला थांबवून पाणी दिलं, ते त्याने बैलांना पाजलं.

अण्णा सगळा वेळ ओसरीच्या कडेला उभे होते. त्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की मी नोकरी सोडते. पुण्याला मोठ्या दवाखान्यात जागा आहे, तिथे बायका वेळेवर येतात. इथे राहून मी फक्त मेलेली माणसं तपासायची का? अण्णा म्हणाले, "जाऊ नका असं मी म्हणत नाही."

पुढच्याच महिन्यात कापडवाल्याच्या घरातून निरोप आला. धाकट्याचं लग्न झालं होतं, पहिलं बाळंतपण मीच केलं होतं, आणि आईने मोटार दारातून गेल्याशिवाय नातवाचं तोंड बघणार नाही असा हट्ट धरला होता. चिरलेलं इंजिन सांधून घेतलेली ती लोण्याच्या रंगाची मोटार मी नेणार असेन तर टायरच्या भावात न्यावी. कापडवाले म्हणाले, दाजीबानपेठेतून ती दिसेनाशी झाली की आम्हाला पोचलं. हे कळताच लाकडाच्या ठेकेदारानेही निरोप धाडला, की डॉक्टरीणबाईला मोटारच हवी तर त्याच्या चुलत्याची मोठी बंद मोटार आहे, अमेरिकन, सहा माणसं बसतात, तीही स्वस्तात देऊ. सूतिकागृहातले सगळे हसत होते. शर्यतीच्या गाडीतून सुईण! घ्यायचीच तर मोठी घे, निदान बाईमाणसाला शोभेल, असं सगळ्यांचं मत पडलं.

मी अण्णांना विचारलं. विचारलं म्हणजे, निकाल माहीतच होता, तो ऐकून पुण्याला पत्र टाकायचं असं मनाशी ठरवून विचारलं.

अण्णा फरशीवर बसले. मोठ्या मोटारीचा रकाना त्यांनी आधी घेतला. ती उंच आहे, गाडीवाटेने थेट गावात जाईल, रोग्याला झोपवता येईल. हे सगळं त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं. पण ती पेट्रोल दुप्पट पिते, टायर जाड, आणि तुमच्या पगारात ती दोन पावसाळे काढेल, मग विकावी लागेल. लोण्याची गाडी बुटकी, गावात शिरणार नाही, सडकेवरच थांबणार. तिथून तुम्ही चालायचं किंवा बाईला सडकेपर्यंत आणायचं. पण अंगाने हलकी आहे, घोटभर पेट्रोलवर लांब जाते, एका माणसाच्या जिवावर नांदते. नाव शौकाचं आणि खाणं गरिबाचं, असं म्हणून त्यांनी दोन्हींखाली रेघ ओढली. आता "ठेवू नये" येणार म्हणून मी उठायला लागले.

अण्णांनी तिसरा रकाना काढला. वर लिहिलं, छकडा. बैलांचा कडबा लिहिला, वंगण लिहिलं, आणि खडू थांबवून माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टरीणबाई, यात ती बाई किती धरू?"

मी एकदम भडकले. म्हटलं, अण्णा, माणसाचा आकडा मागताय मला? लाज वाटत नाही?

"वाटते की," अण्णा म्हणाले. "आजवर मी सगळ्यांना ठेवण्याचा खर्च सांगत आलो. न ठेवण्याचा कधी मांडलाच नाही. हा रकाना मला पुरा करता येत नाही ओ. घ्या ती गाडी. लहान घ्या, नांदवता येईल अशी घ्या, आणि इथंच राहा."

काकू दारात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरी पुसली नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मोटार चालवायला मला कापडवाल्याच्या मुलानेच शिकवलं, डोळ्यांत पाणी आणून. पाचवारी पातळ कमरेला खोचायचं, पुढून हँडल मारायचं, आणि जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखं बसायचं. शेजारच्या जागेवर औषधांची पेटी, परतताना तिथे रोगी. कन्नड बोलणाऱ्या पोरांनी तिचं नाव बेण्णी गाडी पाडलं. बेण्णी म्हणजे लोणी. मराठी बायकाही तेच म्हणायला लागल्या. बेण्णी गाडीने मी वेळेवर पोचायला लागले. सगळ्याच वाचल्या असं नाही, पण वाचू लागल्या. बोलावणंही आता लवकर यायला लागलं, कारण बोलावून उपयोग होतो हे लोकांना कळलं होतं. मला त्या दिवसांत फार आनंद होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण डॉक्टरांनी आनंद झाल्याचं सांगायचं नसतं अशी आमच्यात रीत आहे.

मग दुसरं महायुद्ध लागलं आणि त्या लढाईने पेट्रोलवर घाला घातला. कुपनं आली. मी अर्ज केला तो नामंजूर होऊन परत आला. दोन माणसांच्या उघड्या, शर्यतीच्या मोटारी शौकाच्या समजल्या जातील, त्यांना जादा पेट्रोल मिळणार नाही. डॉक्टरकीसाठी हवं तर योग्य ती मोटार घ्यावी. मी धारवाडला जाऊन कचेरीत भांडून आले. साहेब सभ्य होते, आमच्याच भागातले, त्यांनी मला खुर्ची दिली आणि नियम दाखवला. टाकीत जेमतेम आठवडा निघेल एवढं पेट्रोल होतं.

घरी आले तर अण्णा पेटीतून काळा कोट काढून उन्हात घालत होते. कितीतरी वर्षं त्याला हात लागला नव्हता. डांबरगोळ्यांचा वास सगळ्या घरभर झाला. दुसऱ्या दिवशी ते कोट घालून, वर डोक्याला ओला पंचा गुंडाळून, धारवाडला चालत निघाले. मी मोटारीतून चला म्हटलं तर म्हणाले की पेट्रोल जपा, आणि ज्या गाडीची बाजू मांडायची तिच्यात बसून जायचं नसतं. मग मीही बसने गेले.

कचेरीत अण्णांनी आधी नियमाला नमस्कार केला. नियम योग्य आहे, पेट्रोल वाचलं पाहिजे, यात वाद नाही, असं म्हणाले. मग खडू मिळेल का असं विचारलं. शिपायाने आणून दिला आणि वकीलसाहेब कोटासकट साहेबांच्या टेबलापुढे जमिनीवर बसले. लाल मोटार, निळी मोटार, अमेरिकन बंद मोटार आणि बेण्णी गाडी, चौघींचं खाणं त्यांनी त्या फरशीवर मांडलं. कारकून टेबलं सोडून बघायला आले. योग्य समजली जाणारी मोठी मोटार जेवढ्यात धारवाडहून अळणावरला पोचते, तेवढ्यात शौकाची समजली जाणारी जाऊन परत येते, हे सगळ्यांना दिसलं. मग अण्णांनी मान वर केली आणि साहेबांना अगदी आदराने विचारलं, "निम्म गाडी एष्ट तिंतद री?" म्हणजे, तुमची गाडी किती खाते?

साहेबांची मोटार मोठी आणि बंद होती हे सगळ्या धारवाडला माहीत होतं. साहेब जरा हसले आणि म्हणाले, "नम्म गाडी बिडरी." आमच्या गाडीचं सोडा. मग त्यांनी अण्णांना विचारलं की तुम्ही या बाईंच्या मोटारीत कितीदा बसला आहात.

"कधीच नाही. बसलो असतो तर इथं उभा राहिलो नसतो," अण्णा म्हणाले. मग कपडे न झटकता ते उठले आणि छकड्याची गोष्ट सांगितली. उगाच रंगवून नाही. दुपारी आला, बाई गेलेली होती, नवऱ्याने पाणी बैलांना पाजलं, एवढंच. "साहेब, हा रकाना मला भरता आला नाही. तुम्हाला येत असेल तर भरा, मी घरी जातो."

कुपनं मिळाली. मागितली त्याच्या निम्मी मिळाली, आणि दर महिन्याला कुठे गेलात ते सांगायला यायचं अशी अट घातली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अण्णा, निम्म्यात कसं भागणार? अण्णांना दम लागला होता, चेहरा लालबुंद झाला होता, आणि वकिली सुरू केल्यापासून पहिलाच खटला जिंकल्यासारखे ते दिसत होते. निम्मं चढावर जळतं, एवढंच ते म्हणाले, आणि चालायला लागले.

त्या बोलण्याचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला. धारवाड सोडून अळणावरच्या वाटेला लागलं की रस्ता वरखाली होत जातो. पहिल्याच मोठ्या चढाच्या पायथ्याशी एक शेतकरी बैलजोडी घेऊन उभा होता. त्याने हात केला. मी थांबले. त्याने काही न बोलता जुवाचा दोर मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधला आणि म्हणाला, "बंद करा इंजिन अक्का. वकिलांनी सांगिटलंय." अण्णा चालत त्या गावांतून फिरून आले होते. प्रत्येक चढाला एक गाव, गावाने आपापसांत पाळी लावून घ्यायची, बेण्णी गाडीचा आवाज आला की जोडी जुंपायची. उतारावर मी मोटार तशीच सोडून द्यायची. इंजिन फक्त सपाटीला. शर्यतीची मोटार, पुढे दोन खिल्लारी बैल, सुकाणूवर मी, आणि शेजारी कळा देणारी बाई, अशी ती वरात चढ चढायची. बसमधले प्रवासी माना बाहेर काढून हसत. हसू देत. त्या निम्म्या कुपनांत मी महिना काढायला लागले आणि वर थोडं उरायला लागलं. अण्णांनी बैलांचा कडबा मोटारीच्या खर्चात धरला, आणि तो कोण देतं असं विचारल्यावर म्हणाले की तो गावांनी आपल्याकडे घेतला आहे, तुम्ही मध्ये पडू नका.

एकदा मात्र सगळंच संपलं. कुपनं उशिरा आली, टाकी कोरडी पडली, आणि मी परतीच्या वाटेवर धारवाड यायच्या आधीच अडकले. शेजारी एक मजूर बाई, पहिलटकरीण, अंगात ताप. बैल होते, पण तेवढ्या लांब जायचे नव्हते, त्यांची हद्द मागेच संपली होती. जोडीवाला म्हणाला, चला. पुढच्या वस्तीवर त्याने दुसऱ्याला हाक मारली, दुसऱ्याने तिसऱ्याला. धारवाड मागे पडलं. सपाटीलाही बैलच. हुबळी गाठणं काही शक्य नव्हतं, म्हणून मी रायापूरला आमच्या दारात मोटार थांबवली. काकूंनी आवाज न येताच ओळखलं असावं. पुढची खोली मोकळी केलेली होती, पाणी चुलीवर होतं. अण्णा स्वतःची गादी उचलून आणत होते.

संध्याकाळपर्यंत झुंजावं लागलं. मुलगा झाला, आई वाचली. अण्णा ओसरीवर बैलवाल्यांबरोबर बसले होते. रडण्याचा आवाज ऐकून ते आत आले नाहीत. मी बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. मी त्यांना म्हटलं, पुण्याला आता मी जात नाही.

काकूंनी ती पुढची खोली परत लावलीच नाही. लांबच्या गावच्या बायका दिवस भरत आले की आधीच येऊन तिथे राहायला लागल्या. काकू त्यांना भाकरी-आमटी करून घालत, त्या काकूंना ज्वारी पाखडून देत. हुबळीच्या सूतिकागृहातल्या कुणी मुद्दाम विचारलं, की वकिलांना हा व्याप परवडतो कसा, तर काकू सांगत की आमच्या घरात तो हिशेब करायची मनाई आहे, मी केलेली. अण्णा मान डोलवत.

लढाई संपली, पेट्रोल मोकळं झालं, मोटारी बदलल्या. मी त्या वाटेवर आणखी कितीतरी वर्षं जात राहिले. बाळंतपणात बायका मरतात, आमच्या हातांतही काही गेल्या, ते मी लपवत नाही. पण गेल्या त्या खाटेवर, माणसांत, आम्ही सगळे भोवती असताना. रस्त्यात, पाणी मागत, पुन्हा कुणी गेली नाही.